तेलाच्या टाकीत आधी पाणी बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल इंजिनिअरिंग करून बडोद्याजवळच्या एका लहान प्रायोगिक प्रकल्पात लागली आहेस. ट्रकने दगड येतो, तो भट्टीत तापवून त्यातून तेल काढायचं. दिवसाला साधारण वीस टन दगड. तेल साठवायला तुमच्या साहेबांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून दोन जुन्या उभ्या टाक्या स्वस्तात उचलल्या: एक १२ मीटर व्यासाची, ९ मीटर उंच, दुसरी ६ मीटर व्यासाची आणि तेवढीच उंच. तू विचारतेस, या टाक्या चालतील का, शेल तेलाला काही वेगळी काळजी लागते का, आणि साहेब म्हणतात तशी टाकी जमिनीत पुरली तर जास्त सुरक्षित नाही का.

तू मला काका म्हणालीस, तेव्हा मीही तुला तूच म्हणतो. टाक्यांची तपासणी हेच माझं चाळीस वर्षांचं काम. कोयली, रणोली, नंदेसरी हा बडोद्याजवळचा आपला कारखान्यांचा पट्टा, आणि पुढे बाहेरगावीही. या काळात सडलेल्या, चेपलेल्या, फेसाळून वाहिलेल्या, जागेवरून उचलल्या गेलेल्या अशा सगळ्या तऱ्हेच्या टाक्या पाहिल्या. त्यातल्या बहुतेकींचं दुखणं पाण्यातून आलेलं होतं. तळाशी साचलेलं पाणी, तेलात मिसळलेलं पाणी, छपरावर कोसळलेलं पाणी, डाईकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधात, तुंबलेलं पाणी. तेव्हा तू तेलाचं विचारलंस तरी मी बराचसा पाण्याबद्दलच बोलणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या लिपीत ‘शेल’ म्हणजे तो थरांचा दगड, आणि टाकीच्या उभ्या भिंतीलाही आपण ‘शेल’च म्हणतो. फिटरला ‘शेलचा नमुना घे’ सांगितलंस तर तो पत्रा कापायला निघेल, असं मी आमच्या काळात गमतीने म्हणायचो. दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा आहे. शेलच्या थरात खोल विहीर खणून, खडक फोडून जे तेल किंवा वायू काढतात तो प्रकार निराळा. ओएनजीसीने २०१३ मध्ये आपल्या जंबुसरकडे शेल वायूसाठी विहीर घेतली, ती त्या जातीची. तिथे निसर्गाने शिजवण्याचं काम आधीच केलेलं असतं. तुमच्या दगडात तेल अजून झालेलंच नाही. त्यात केरोजेन नावाचा घट्ट सेंद्रिय पदार्थ आहे, आणि तो पाचशे अंशांच्या आसपास तापवला की त्याची वाफ होते, ती थंड करून तेल मिळतं. म्हणजे तुमचं तेल विहिरीतून निघालेलं नाही, शिजवलेलं आहे. टाकीतला त्याचा सगळा स्वभाव त्यावरून ठरतो.

या धंद्याची जुनी प्रयोगशाळा अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये, रायफल गावाजवळ अ‍ॅन्व्हिल पॉइंट्सला होती. १९४४ च्या कृत्रिम द्रव इंधन कायद्यानंतर तिथल्या खाण खात्याने ती उभी केली. डोंगरात खाण, खाली भट्ट्या, जोडीला छोटीशी रिफायनरी. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने पैसा आटवला. पुढे सत्तरीच्या दशकात पाराहो प्रकल्पाने तिथेच नव्या भट्टीतून सुमारे एक लाख बॅरल कच्चं तेल काढलं, ते अमेरिकी नौदलाच्या इंधन चाचण्यांसाठी. तिथल्या ग्रीन रिव्हर दगडातून निघणाऱ्या तेलाचा इतका अभ्यास झाला आहे की तुझं तेल अजून प्रयोगशाळेत तपासलं जात असेल, तोवर ते नमुन्यासाठी धरायला हरकत नाही. घनता ०.९२-०.९३. नायट्रोजन वजनाने दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे विहिरीतून निघणाऱ्या साध्या कच्च्या तेलाच्या, क्रूडच्या, कितीतरी पट. थोडं गंधक. दहा लाख भागांत वीस ते चाळीस भाग आर्सेनिक. आणि पोर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान, पंचवीस-तीस अंशांच्या घरात. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात ते पाण्यासारखं वाहील, आणि जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांवर उतरलं की तुपासारखं थिजेल.

आता तुझा पहिला प्रश्न. या टाक्या चालतील का? मोठी चालणार नाही. मजबुतीचा मुद्दा नंतर येतो. आधी हिशेब कर.

चांगल्या दगडातून टनाला शंभर लिटरच्या आसपास तेल निघतं. वीस टन म्हणजे दिवसाला दोन हजार लिटर. १२ मीटर व्यासाच्या टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. म्हणजे डिप टेपवर (तेलाची उंची मोजायला टाकीत वरून सोडतात ती टेप) एक मिलीमीटर म्हणजे ११३ लिटर. तुमचं अख्ख्या दिवसाचं उत्पादन त्या टाकीत १८ मिलीमीटर चढेल. कितीही कसलेला माणूस डिप घेऊ दे, घट्ट तेलात, वाफेत, टेपला चिकटलेल्या मेणातून दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. तीन मिलीमीटर म्हणजे ३४० लिटर, दिवसाच्या उत्पादनाचा सहावा हिस्सा. भट्टीत तुम्ही तापमान दहा अंशांनी बदललं आणि तेल पाच टक्क्यांनी वाढलं, तर ते या टाकीत तुला दिसणारच नाही. सोनं तोलायला भंगारवाल्याचा काटा घेतल्यासारखं आहे हे. प्रायोगिक प्रकल्पात टाकी हे मोजमापाचं साधन असतं, साठवण हे तिचं दुय्यम काम. तुमचे साहेब नेमकं हेच विसरलेत.

त्यात तापमानाची भर. हे तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. पन्नास हजार लिटर तेल सत्तर अंशांवर मोजलंस आणि परत तीस अंशांवर मोजलंस, तर १४०० लिटर ‘गायब’ झालेले दिसतील. कोणी चोरलेले नसतात. म्हणून डिपच्या वहीत तापमानाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला मी माझ्या काळात वही परत करायचो. तळ, मध्य, वर अशा तीन ठिकाणचं तापमान घ्यायचं, कारण तापवलेल्या टाकीत वर-खाली दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो.

तेव्हा भट्टीतून येणारं तेल उतरवायला तीन मीटर व्यासाच्या दोन-तीन नव्या टाक्या बनवून घ्या. तिथे एक मिलीमीटरला सात लिटर पडतात. तीन मीटर उंची धरली तर एकीत वीस हजार लिटर, म्हणजे दहा दिवसांचं तेल. एका प्रयोगाचं तेल एका टाकीत. मोजून, नमुना घेऊन, मगच ते ६ मीटरवाल्या साठवणीच्या टाकीत ढकलायचं. दोन प्रयोगांचं तेल मोजण्याआधी एकत्र झालं की पुढे कोणी तुम्हाला वाली नाही. बडोद्यातच मकरपुऱ्यात अशा टाक्या बनवणारे पुष्कळ सापडतील. फक्त कॅलिब्रेशन करून, म्हणजे किती उंचीला किती लिटर हे प्रत्यक्ष मोजून, चार्ट घ्यायला विसरू नका, नुसत्या ड्रॉइंगवरून लिटर काढू नका. आणि ती १२ मीटरची टाकी? तिच्यात आगीसाठी पाणी भरून ठेवा. दहा लाख लिटर पाणी जवळ असणं ही तुमच्या प्रकल्पाला केव्हाही उपयोगी गोष्ट आहे, आणि साहेबांनी घेतलेली वस्तू वाया गेली असंही होणार नाही.

दुसरा प्रश्न, शेल तेलाची वेगळी काळजी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

भट्टीतून तेल निघतं ते वाफेच्या आणि धुक्याच्या रूपात, आणि त्याच्यासोबत दगडातली ओल, जळणातून झालेलं पाणी, दगडाची अतिशय बारीक राख हे सगळं येतं. थंड झाल्यावर तिघांची अशी काही गट्टी जमते की वेगळं करणं नको होतं. साध्या क्रूडमध्ये पाणी तासाभरात खाली बसायला लागतं. इथे तेल ०.९२ चं, पाणी १ चं, मध्ये राखेचे कण आणि नायट्रोजनवाले पदार्थ थेंबांना धरून ठेवायला. दोन-दोन दिवस पाणी बसत नाही. तू डिप टेपला पाणी शोधायची पेस्ट लावून खाली सोडशील, पेस्टचा रंग जेमतेम चार सेंटीमीटर बदललेला दिसेल, आणि तू लिहिशील ‘पाणी ४ सेंमी’. पण त्याच्या वरच्या अर्ध्या मीटरात पाणी तेलात घुसळलेलं असेल, ते पेस्टला कळत नाही. म्हणून नमुना तळापासून थोडाथोडा वर जात घे आणि प्रयोगशाळेतून पाण्याची टक्केवारी काढ. नाहीतर तुम्ही तेलाच्या उताऱ्यात पाणी धरून बसाल. अहवालात फार छान दिसतं ते.

पाणी सोडवायचा उपाय म्हणजे तेल सत्तर-ऐंशी अंशांवर शांत ठेवणं. पंपाने फिरवत बसू नका, ताक घुसळल्यासारखं उलट जास्त मिसळतं. आणि तापवण्यातच सगळ्यात मोठा धोका आहे.

पाण्याची वाफ झाली की ते सतराशेपट जागा मागतं. टाकीच्या तळाशी पाण्याचा थर आहे आणि वरून शंभर अंशांच्या पुढचं तेल आलं, तर ते पाणी एकदम उसळतं आणि वरचं तेल फेसासकट छपरातून बाहेर काढतं. दूध उतू जावं तसं, फक्त शंभर टन. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. कारखान्याचं नाव घेत नाही. टाकी साफ करून पाण्याने धुतली होती, तळाचं सगळं पाणी निघालं नव्हतं. रात्रपाळीत एकशे वीस अंशांचं जड तेल आत घेतलं. अर्धा तास काही नाही. मग टाकी गुरगुरायला लागली. तो आवाज मला अजून ओळखता येईल. छपरावरच्या मॅनहोलचं झाकण उडालं आणि काळा फेस भिंतीवरून खाली. कोणी जिन्यावर नव्हतं म्हणून वाचलो. वहीत पाणी ‘निल’ लिहिलेलं होतं. डिप ज्या जागी घेतली तिथे खरंच निल होतं. तळ वाकडा बसला होता, आणि पाणी पलीकडच्या बाजूला.

तुमच्या भट्टीचा जड भाग गरम येणार. तो टाकीत शिरण्याआधी कूलरमधून नव्वदच्या खाली आला पाहिजे, आणि तापमान वाढलं तर प्रवाह बंद होईल अशी सोय हवी, नुसता अलार्म नको. टाकीतल्या कॉइलमध्ये, म्हणजे तेल तापवायच्या वेटोळ्या नळीत, वाफ सोडण्यापेक्षा गरम पाणी फिरवा असं माझं मत. लहान टाकीला तेवढं पुरतं, आणि कॉइल गळली तरी अनर्थ होत नाही. कॉइल बुडेल एवढं तेल आत नसेल तर तापवणं बंद. उघडी पडलेली कॉइल वरच्या वाफेला तापवते आणि तिच्यावरचं तेल करपतं.

कागदोपत्री तुमचं तेल कदाचित ‘ब’ किंवा ‘क’ वर्गात बसेल. आपल्या पेट्रोलियम नियमांत फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, २३ अंशांच्या खाली तो ‘अ’, ६५ पर्यंत ‘ब’, ९३ पर्यंत ‘क’. पण तेल स्वतःच्या फ्लॅश पॉइंटच्या वर तापवलं की त्या वर्गाचा दिलासा संपला, ते पेट्रोलसारखंच धरायचं. व्हेनेझुएलात ताकोआच्या वीजकेंद्रात १९ डिसेंबर १९८२ ला हेच झालं. जड इंधन तेल, सगळ्यांच्या मते निरुपद्रवी, पण तापवून ठेवलेलं. दोन कामगार डिप घ्यायला गेले आणि स्फोट झाला. टाकी कित्येक तास जळत राहिली. मग आगीची उष्णता वरून झिरपत तळच्या पाण्यापर्यंत पोचली आणि अख्खी टाकी उकळून बाहेर पडली. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बरेच आग विझवायला आणि बघायला जमलेले. तुमच्या तेलात भट्टी बिघडली की हलका, पेट्रोलसारखा नॅफ्थाही उतरतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट वेगळा काढा, मागच्या महिन्याचा आकडा चालवू नका.

हे तेल हवेत ठेवलं की बिघडतं. भट्टीत शिजल्यामुळे त्यात असंतृप्त रेणू भरपूर असतात, हवेतला प्राणवायू लागला की त्यांचा डिंक होतो, रंग काळवंडतो, तळाशी गाळ वाढतो. महिनाभराने काढलेला नमुना आणि पहिल्या दिवसाचा नमुना यांत एवढा फरक असतो की दोन वेगळ्या प्रयोगांचे वाटावेत. यावर उपाय म्हणून तेलावर नायट्रोजनचं पांघरूण ठेवतात. मजा बघ, तेलातला नायट्रोजन त्याला बिघडवतो आणि वरचा सांभाळतो. पण एकदा हे पांघरूण घातलं की हॅच, म्हणजे छपरावरचं झाकण, उघडणाऱ्याने वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं, तोंड आत घालायचं नाही. नायट्रोजनला वास नाही, गुदमरतोय हे कळत नाही. दुसरं, त्या वाफेत हायड्रोजन सल्फाइडही असू शकतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. गळ्यात गॅस मॉनिटर अडकवल्याशिवाय जिन्यावर पाय ठेवायचा नाही, साहेबांनीसुद्धा.

डिपबद्दल अजून एक. टाकी भरणं थांबल्यावर किमान अर्धा तास थांब, मग टेप सोड. पाणी आणि राख असलेलं तेल पाइपातून येताना स्थिर वीज जमवतं. नायलॉनच्या दोरीला बाटली बांधून नमुना घेणारे महाभाग आहेत. दिसला तर दोरी काढून घे.

आता ६ मीटरची जुनी टाकी, जी तुम्ही खरोखर वापरणार. तिच्या भिंतीची जाडी हिशेबाने बघितली तर एवढ्या लहान टाकीला तेलाचा भार पेलायला दोन मिलीमीटरही पुरतात. पण इतका पातळ पत्रा स्वतःच्या बळावर नीट उभा राहत नाही, म्हणून एपीआय ६५० या टाक्यांच्या अमेरिकी मानकात या आकाराला किमान पाच मिलीमीटर सांगितलेत. म्हणजे भिंतीला भरपूर सवलत आहे. विक्रेत्याने अल्ट्रासोनिकने मोजलेले भिंतीचे आकडे तुला दाखवले असतील, सगळे छान असतील. त्याने तळाचे आकडे दिलेत का? नसतीलच. टाकी मरते तळातून. आतून पाण्याचा थर, त्यात जिवाणू, आणि ते पत्र्यात वाटाण्याएवढे खड्डे पाडत जातात. खालून ओली माती. दोन्ही बाजूंनी कुरतडलेला पत्रा वरून रंगवला की नवा दिसतो.

तळाचा पत्रा मला विचारशील तर नवाच टाक. जुना कापून आणलेला तळ परत जोडण्यात जेवढी मजुरी जाईल तेवढ्यात नवा बसतो. मध्याकडे किंवा एका बाजूला उतार दे, सर्वांत खालच्या जागी सम्प (पाणी जमायचा खड्डा) आणि त्याला पाणी काढायची नळी. ती डिप घेण्याच्या जागेच्या बरोबर खाली आण, म्हणजे वर सांगितलेल्या ‘निल’ची गंमत तुमच्याकडे होणार नाही. पाया आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर उंच, वाळूचा आणि वर डांबर मिसळलेला थर. काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती खोदून काढून मुरूम भरल्याशिवाय काही करू नका.

कापून परत जोडलेल्या टाकीबद्दल एक गोष्ट साहेबांना जरूर सांग. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात फ्लोरेफला २ जानेवारी १९८८ रोजी एक डिझेलची टाकी उभी फाटली. चाळीसेक वर्षं जुनी टाकी, दुसरीकडून सुटी करून आणलेली आणि परत जोडलेली. पत्र्यात वेल्डजवळ जुना दोष होता, पोलाद थंडीत ठिसूळ होणाऱ्या जातीचं, आणि वापरात आणण्याआधी पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून चाचणी झालेली नव्हती. पहिल्यांदा तेलाने भरली आणि जवळजवळ दीड कोटी लिटर डिझेल एका झटक्यात बाहेर आलं. लाट डाईकवरून उसळली, बरंच तेल मोनोंगहेला नदीत गेलं आणि खालच्या गावांचं पिण्याचं पाणी बंद पडलं. बडोद्यात तेवढी थंडी पडत नाही हे खरं. पण पाण्याची चाचणी टाळायचं कारण म्हणून हे कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

हायड्रोटेस्ट म्हणजे काठोकाठ पाणी भरून ठेवणं. पाणी तुमच्या तेलापेक्षा जड, म्हणून ही परीक्षा तेलापेक्षा कडक. भरताना पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण असे थांबे घे आणि प्रत्येक थांब्याला परिघावरच्या आठ खुणांची लेव्हल घे. एक बाजू खचत असेल तर तिथेच थांब. बोस्टनमध्ये १९१९ च्या जानेवारीत मळीची टाकी फुटून २१ माणसं गेली. ती चाचणीला जेमतेम वीतभर पाण्याने भरली होती, आणि गळते म्हणून लोक बोलायला लागले तेव्हा गळती दिसू नये म्हणून तपकिरी रंगवली होती. रंगावर माझा राग उगाच नाही.

आणि चाचणीचं पाणी काढताना? छपरावरचं मॅनहोल उघडं ठेवायचं. हे वाक्य तुझ्या फोरमनकडून म्हणवून घे. टाकी बाहेर ढकलणारा जोर सहन करते, आत ओढणारा नाही. पंचवीस मिलीमीटर पाण्याच्या उंचीइतकी पोकळी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२ मीटरच्या छपरावर ती पावणेतीन टनांचं ओझं होते. एका ठिकाणी रंगाऱ्याने वेंटमध्ये, म्हणजे टाकीच्या श्वासाच्या नळीत, रंग जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधली, चांगल्याच हेतूने. दुसऱ्या दिवशी पंप चालू केला आणि टाकीच्या भिंतीला पिळलेल्या कपड्यासारख्या घड्या पडल्या. पंप लहानसाच होता.

पहिला वळवाचा पाऊस हाही तसाच पंप आहे. दिवसभर बेचाळीस अंशांत भाजलेली टाकी, संध्याकाळी पाच मिनिटांत सरी. आतली वाफ आकसते आणि टाकी मोठा श्वास घेते. त्या वेळी वेंट मोकळा नसेल तर संपलं. तुमच्या तेलात मेण आहे, ते वाफेसोबत जाऊन वेंटवरच्या फ्लेम अरेस्टरच्या (आग आत शिरू न देणाऱ्या) जाळीत आणि ब्रीदर व्हॉल्व्हच्या (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) तबकडीवर बसतं. साध्या डिझेलच्या टाकीला सहा महिन्यांनी बघितलं तरी चालतं, तुम्ही सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. जून लागण्याआधी तर नक्कीच.

तिसरा प्रश्न, टाकी पुरायची का. नाही. पुरलेली टाकी गळली की तुला भूजलातून कळतं. उभी टाकी गळली की पायाशी काळा डाग दिसतो, आणि तो सकाळच्या फेरीत झाडूवाल्यालाही दिसतो. जमिनीवरच्या टाकीची खरी किंमत या दिसण्यात आहे. मात्र त्यासाठी डाईक हवा: सर्वांत मोठ्या टाकीतलं सगळं तेल मावेल एवढा, वर पावसाच्या पाण्याची जागा धरून. बुडाला सिमेंट किंवा निदान चोपलेली माती, कारण या तेलात आर्सेनिक आहे आणि आजूबाजूला लोकांच्या विहिरी आहेत. डाईकच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला आणि कायम बंद. पाऊस थांबला की माणूस उभा राहून, पाण्यावर तेलाचा तवंग नाही हे बघून, उघडायचा आणि तो स्वतः बंद करूनच निघायचा. मी पाहिलेल्या निम्म्या डाईकचे व्हॉल्व्ह पावसाळाभर उघडे असायचे, ‘पाणी तुंबतं म्हणून’. मग तो डाईक कशाला, नुसतं कुंपण.

पण बंद ठेवल्यावर उलटा धोका आहे, आणि बडोद्यात तो सांगायलाच हवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली, लोकांच्या अंगणात मगरी आल्या, ते तू पाहिलंच असशील. रिकामी टाकी ही होडी असते. तुमच्या १२ मीटरच्या टाकीचं सगळं पोलाद धरलं तरी वजन तीसेक टन. तिच्याभोवती फक्त २७ सेंटीमीटर पाणी साचलं की ती उचलली जाते. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली, एवढंसं पाणी! ६ मीटरवालीचंही तसंच, तीसेक सेंटीमीटर. टाकी उचलली की पाइपाचे सांधे तुटतात, आणि पाणी ओसरल्यावर ती दुसऱ्याच जागी तिरकी बसते. म्हणून पावसाळ्यात कुठलीही टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका. निदान मीटरभर तेल किंवा पाणी आत असू दे. अँकर बोल्ट असले तरी.

टाकी साफ करायची वेळ येईल तेव्हा वेगळं बोलू, तो मोठा विषय आहे. आत्ता एवढंच लक्षात ठेव: नायट्रोजनखाली राहिलेल्या टाकीत गंधकामुळे लोखंडाचं काळं सल्फाइड भिंतीवर चढतं, आणि हवा लागली की ते आपोआप पेटतं. ते ओलं ठेवायचं. माणूस आत जाण्याआधी पाइपांना ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणाऱ्या पोलादी चकत्या) मारायचे, नुसता व्हॉल्व्ह बंद पुरत नाही. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर हवा, आणि दाराशी एक माणूस जो काही झालं तरी आत उडी मारणार नाही. निघालेला गाळ आर्सेनिकचा आहे, तो घातक कचरा म्हणूनच द्यायचा. रस्त्याच्या खड्ड्यात टाकायला मागणारे ठेकेदार येतील.

आता पुढच्या आठवड्यात एवढं कर. ६ मीटरच्या टाकीच्या भिंतीला, सर्वांत खालच्या कड्यावर, तळापासून वीतभर उंचीच्या आत चारी बाजूंनी प्रत्येकी पाच ठिकाणी जाडी मोजून घे. जुन्या वेल्डच्या शेजारचा पत्रा ग्राइंडरने घासून त्याचे फोटो काढ. टाकी जिथून आणली तिथल्या पायाचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण खालून किती ओल होती ते त्यावरून समजतं. हे सगळं मला पाठव. आणि तोपर्यंत रंगाऱ्याला फाटकाच्या आत घेऊ नकोस.